दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना संशोधन कसं शिकवावं: पहिल्या वर्षाच्या व्हर्नियरपासून इंटर्नशिपच्या अभ्यासापर्यंत

"मॅडम, एखादा टॉपिक द्या ना." इंटर्नशिपचे पहिले पंधरा दिवस उलटले की हे वाक्य कानावर पडतंच. विचारणारी मुलगी हुशार असते. चार वर्षांत तिने शेकडो तोंडं तपासलेली असतात, ठरवून दिलेल्या उपचारांचा कोटा वेळेत पूर्ण केलेला असतो. तरी संशोधन म्हटलं की तिची समजूत अशी, की विषय वरून मिळतो, पद्धत जुन्या एखाद्या शोधनिबंधातून उतरवायची आणि आकडेमोड कुणाकडून तरी करून घ्यायची. यात तिचा दोष नाही. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या चार वर्षांत आपण तिला स्वतःच्या मोजणीवर शंका घ्यायला कधी बसवलेलंच नसतं. बायोस्टॅटिस्टिक्सची काही लेक्चर्स होतात, परीक्षेत एखादी शॉर्ट नोट येते आणि विषय मिटतो.

मी दंत महाविद्यालयात पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री शिकवते. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं वर्गात आणि ओपीडीत करून पाहिलेलं आहे, आणि त्यासाठी वेगळा निधी किंवा प्रयोगशाळा लागत नाही. माझा आग्रह एकच आहे: सुरुवात मोजमापापासून करा, संख्याशास्त्र शेवटी येऊ द्या. एकच दात दोनदा मोजून दोन वेगळी उत्तरं आल्याचा धक्का ज्याला एकदा बसला, त्याला पुढचं सगळं भराभर कळत जातं.

पायरी १: पहिल्या वर्षी एक सुळा आणि व्हर्नियर

डेंटल अ‍ॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला मुलं मेणाचे दात कोरत असतात, तेव्हाच हा तास घ्या. निर्जंतुक केलेला एकच वरचा सुळा ट्रेमध्ये ठेवा. प्रत्येकाने व्हर्नियर कॅलिपरने क्राउनची, म्हणजे दाताच्या इनॅमलने झाकलेल्या भागाची, लांबी मोजायची, चिठ्ठीवर लिहून घडी करून डब्यात टाकायची. शेजाऱ्याला सांगायचं नाही. सगळ्यांचं झालं की चिठ्ठ्या उघडून आकडे फळ्यावर मांडा.

पाठ्यपुस्तकात वरच्या सुळ्याच्या क्राउनची लांबी साधारण १० मिलिमीटर दिलेली असते. फळ्यावर मात्र कुणाचे ९.४, कुणाचे १०.८, एखाद्याचे ११.६. वर्गात आधी हशा पिकतो, मग वाद सुरू होतो. तो वाद होऊ द्या, तासाचा खरा ऐवज तोच आहे. हळूहळू कारणं बाहेर येतात. सर्व्हायकल लाइन, म्हणजे क्राउन आणि मूळ जिथे मिळतात ती रेषा, सरळ नसते, वळलेली असते. कुणी ओठाकडच्या बाजूने सर्वांत खोल बिंदूपासून मोजलं, कुणी बाजूने. कुणाचा कॅलिपर तिरका होता. कुणी व्हर्नियरची बारीक पट्टी वाचलीच नाही, कुणी सरळ अर्ध्या मिलिमीटरला आकडा बसवून टाकला.

मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर एक वाक्य तयार करायचं: ओठाकडच्या बाजूने, सर्व्हायकल लाइनच्या मुळाकडील सर्वांत खोल बिंदूपासून कस्पच्या टोकापर्यंत, कॅलिपर दाताच्या लांब अक्षाला समांतर धरून, ०.१ मिलिमीटरपर्यंत. या वाक्याप्रमाणे पुन्हा मोजायला लावा. आकडे जवळ जवळ आलेले त्यांना स्वतःला दिसतात. याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात, हे मी त्यानंतर सांगते. आधी सांगितलं तर ते वहीत राहतं.

आठवड्याने तोच दात, तीच मुलं, पुन्हा एकदा. या वेळी प्रत्येकाने आपला जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी मांडायचा. माणूस स्वतःशीसुद्धा जुळत नाही, हे अठराव्या वर्षी कळलेलं बरं.

पायरी २: दुसऱ्या वर्षी एकच गोष्ट बदलून बघणं

यासाठी अल्जिनेट, म्हणजे दातांचं इंप्रेशन (साचा) घ्यायची पावडर, पुरेसं आहे. विदर्भात मे महिन्यात ज्यांनी इंप्रेशन घेतलं आहे त्यांना माहीत असतं, की पाणी जरा कोमट असलं तर ट्रे तोंडापर्यंत नेईतो माल घट्ट होतो. पावडर तीच, प्रमाण तेच, ढवळणारा तोच. फक्त पाण्याचं तापमान तीन पातळ्यांवर बदलायचं आणि सेटिंग टाइम घड्याळ लावून नोंदवायचा. प्रत्येक तापमानाला किमान पाच वेळा. कोणत्या पाण्याचं मिश्रण आहे हे वेळ मोजणाऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे ब्लाइंडिंग कशाला म्हणतात ते वेगळं शिकवावं लागत नाही. एका दुपारचं काम आहे.

पायरी ३: टॉपिक बाजूला, प्रश्न समोर

तिसऱ्या वर्षी क्लिनिक सुरू झालं की प्रत्येकाला एक लहान वही ठेवायला सांगा. रोज एक ओळ: आज काय खटकलं? रुग्णाचं नाव लिहायचं नाही. पहिले दोन आठवडे ओळी कोरड्या येतात, "आज तीन फिलिंग केली" अशा. मग नजर तयार होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमधल्या दोन ओळी मला अजून आठवतात. एक: "आज आलेल्या तिन्ही आजींचे खालचे पुढचे दात हलत होते, तिघीही मशेरी लावतात." (मशेरी म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड.) दुसरी: "सात वर्षांच्या मुलाची कायमची दाढ पूर्ण किडली. आई म्हणाली, दुधाची आहे ना, पडेलच."

जुन्या काळातला याच जातीचा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला. गावातल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि कुणाकडेच कारण नव्हतं. त्याने तो प्रश्न सोडला नाही. डागाळलेले दात विचित्रपणे कमी किडतात, हेही त्याच्या लक्षात आलं. पाण्यातलं फ्लोराइड हे उत्तर १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाच्या विश्लेषणातून मिळालं, आणि पुढे २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतल्याच ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात, दात कमी किडावेत म्हणून, फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. खुर्चीत बसलेल्या रुग्णाकडे बघून पडलेला प्रश्न, तीस वर्षं जपलेला. आपल्या वर्गात यवतमाळ, चंद्रपूर किंवा किनवटकडचा एखादा विद्यार्थी असतोच. फ्लोरोसिसचे डाग त्याने पुस्तकाआधी गावात पाहिलेले असतात. त्याला बोलतं करा.

वहीतल्या ओळीचा प्रश्न करताना चार गोष्टी विचारायला लावायच्या: कोणामध्ये, काय, कशाच्या तुलनेत आणि मोजणार कसं. आईच्या त्या वाक्याचा प्रश्न असा झाला: आमच्या ओपीडीत सहा ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांपैकी किती जणांना पहिली मोठी दाढ कायमची असते हे माहीत आहे? तुलना नको असेल तर ती जागा मोकळी राहू द्यावी, ओढूनताणून भरू नये.

मग चाळणी लावायची. तीन महिन्यांत होईल का? आपल्याच ओपीडीत इतके रुग्ण येतात का? (रजिस्टर काढून मोजायला पाठवा, अंदाज चालणार नाही.) पैसे लागतील का? आणि उत्तर मिळालं तर सोमवारी सकाळी ओपीडीत आपण काही वेगळं करू का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" आलं तर तो विषय सोडून द्यायला मी सांगते, तो कितीही भारदस्त वाटत असला तरी.

पायरी ४: वाचायला शिकवणं

जर्नल क्लबमध्ये पीजी विद्यार्थी स्लाइड वाचून दाखवतात आणि बाकीचे घड्याळ बघतात, त्याने वाचन येत नाही. मी एक साधी युक्ती करते. एखादा निबंध निवडते, त्याचं शीर्षक, गोषवारा, चर्चा आणि निष्कर्ष कापून टाकते. हातात द्यायचं ते फक्त पद्धत आणि तक्ते. अर्ध्या तासात विद्यार्थ्यांनी स्वतःचा निष्कर्ष चार ओळींत लिहायचा. मग मूळ निष्कर्ष वाचून दाखवायचा. तक्त्यात जे आहे त्यापेक्षा जास्त कुठे म्हटलं आहे ते मुलं स्वतः बोट ठेवून दाखवतात.

आपल्या मातीतलं काम वाचायला द्यायचं असेल तर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या बेसिक डेंटल रिसर्च युनिटचं द्या. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांवर केलेला अभ्यास १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सवय सोडवण्याचे प्रयत्न केले तर तोंडातले कर्करोगपूर्व बदल कमी होतात का, हा त्याचा गाभा. दंतवैद्य खेड्यात घरोघर जाऊन तोंड तपासत होते. जागतिक दर्जाचं दंतसंशोधन म्हणजे महागडं यंत्रच हवं, हा समज या एका निबंधाने दूर होतो.

शोध घ्यायला पबमेड हा वैद्यकीय निबंधांचा ऑनलाइन संग्रहच. 'अँड' आणि 'ऑर' यांतला फरक मी मशेरीवरच शिकवते. या एका पदार्थाचं स्पेलिंग निबंधांमध्ये मिश्री, मिशेरी, मशेरी असं निरनिराळं असतं. एकच शब्द टाकला तर अर्धं साहित्य निसटतं. सगळी रूपं 'ऑर'ने जोडा, मग हिरड्यांच्या आजाराचा शब्द 'अँड'ने जोडा. मेश हा पबमेडचा विषयशब्दांचा कोश उघडून दुधाच्या दातांना तिथे काय म्हणतात ते शोधायला लावा.

अलीकडे मुलं चॅटबॉटकडून संदर्भ मागून आणतात. त्यात लेखक खरे, नियतकालिक खरं आणि निबंध अस्तित्वातच नाही, असं होतं. माझा नियम सरळ आहे: जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही तो यादीत येणार नाही, आणि मी कुठलेही तीन निवडून समोर उघडायला लावीन.

पायरी ५: प्रश्नावली, आणि "नाही गं बाई"

आमच्या एका शिबिरातली गोष्ट. इंटर्नच्या हातात छापील फॉर्म होता, इंग्रजीतून भाषांतर केलेला. समोर साठीच्या आजी. "तुम्ही तंबाखूचं सेवन करता का?" "नाही गं बाई." "कुठलं व्यसन?" "छे!" इंटर्नने दोन्हीकडे "नाही"वर खूण केली आणि तोंड उघडायला सांगितलं. दात काळेकुट्ट, खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या मागे सरकलेल्या. मी शेजारीच होते. मी विचारलं, "मावशी, दात कशाने घासता?" त्या लगेच म्हणाल्या, "मशेरीनं." "दिवसातनं किती वेळा?" "सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारी जरा पडायच्या आधी... चार-पाच वेळा तरी होतंच." कमरेच्या पिशवीत डबी होती.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या भाषेत तंबाखू 'खातात', मशेरी 'लावतात', आणि व्यसन हे पुरुषांचं असतं. चूक आमच्या फॉर्मची होती, आणि त्या दिवशी भरलेले सगळे फॉर्म आम्हाला बाजूला ठेवावे लागले. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या २१.४ टक्के प्रौढांनी धूररहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. असा आकडा मिळवायचा तर प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन विचारावं लागतं, हे त्या इंटर्नला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून प्रश्नावलीसाठी आम्ही पुढचा क्रम पाळतो. आधी पाच रुग्णांशी मोकळ्या गप्पा मारायच्या आणि ते वापरतात ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. मग प्रश्न मराठीतच लिहायचे. इंग्रजी प्रमाणित प्रश्नावली वापरायचीच असेल तर एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी प्रती ताडून बघायच्या. मग दहा जणांवर चाचणी. प्रश्न विचारून झाला की त्या माणसाला विचारायचं, "मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?" हा एक प्रश्न प्रश्नावलीतल्या निम्म्या चुका दाखवतो. सोलापूरकडच्या रुग्णाला जो शब्द कळतो तो कोकणात कळेलच असं नाही, म्हणून चाचणी त्याच भागात घ्यावी.

पायरी ६: कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे सगळ्या तपासणाऱ्यांनी एकाच निकषाने मोजावं म्हणून आधी केलेला सराव. घाईत वगळली जाणारी पायरी हीच, आणि दंतवैद्यकात तिच्यावाचून पुढचं सगळं डळमळीत राहतं.

डीएमएफटी हा निर्देशांक १९३८ पासून वापरात आहे. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात मोजायचे. सोपं वाटतं. दोन इंटर्नना एकाच मुलासमोर बसवा आणि बघा. दाढेच्या खाचेत काळा डाग आहे. एकीने किडलेला धरला, दुसरीने निरोगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे नुसता डाग किंवा खडूसारखा पांढरा ठिपका किडीत धरत नाहीत. तळ मऊ लागला, इनॅमल आतून पोखरलेलं दिसलं किंवा स्पष्ट खड्डा असला तरच कीड. ब्रेसेससाठी काढलेली लहान दाढ? ती किडीमुळे काढलेली नाही, त्यामुळे तरुण रुग्णात ती मोजायची नाही. असे वाद आधी मिटवायचे आणि लिहून ठेवायचे.

पद्धत अशी. पहिल्या दिवशी अनुभवी तपासनीसाबरोबर बसून निकष वाचायचे आणि फोटोंवर सराव करायचा. दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा रुग्ण, किडीचं प्रमाण निरनिराळं असलेले. दोघींनी स्वतंत्रपणे तपासायचं, तोच प्रकाश, तोच सीपीआय प्रोब, म्हणजे तपासणीची बारीक सळई, जिचं टोक ०.५ मिलिमीटरच्या गोळीचं असतं. जेवणानंतर त्याच रुग्णांपैकी काही जण पुन्हा. नोंद करणारी तिसरी व्यक्ती हवी, म्हणजे सकाळचा आकडा समोर दिसत नाही. मुख्य अभ्यासातही पाच-दहा टक्के रुग्ण पुन्हा तपासायचे.

जुळणी किती झाली ते टक्क्यांत सांगणं फसवं असतं. मी फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडते. १०० दात, दोघी तपासनीस. दोघींनीही किडलेले म्हटले असे १०, दोघींनीही निरोगी म्हटले असे ८०, एकीने हो आणि दुसरीने नाही असे ५, आणि उलट ५. जुळणी ९० टक्के. मुलं खूश होतात. मग मी विचारते, दोघींनी डोळे मिटून, आपापल्या प्रमाणात किडलेले-निरोगी असं लिहिलं असतं तर किती जुळलं असतं? प्रत्येकीने १५ टक्के दात किडलेले म्हटले आहेत, ८५ टक्के निरोगी. योगायोगाने जुळणारे: ०.१५ चा वर्ग अधिक ०.८५ चा वर्ग, म्हणजे ०.७४५. आता 'कापा' हा आकडा काढा, म्हणजे योगायोग वगळून उरलेली जुळणी: ०.९० वजा ०.७४५, भागिले १ वजा ०.७४५. उत्तर ०.६१. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या प्रचलित मोजपट्टीवर हे 'चांगल्या' गटात जेमतेम शिरतं. ०.८ च्या वर जाईपर्यंत सराव करायचा असं मी ठरवून ठेवलं आहे. दोन दिवस जास्त लागतात, लागू द्यावेत.

पायरी ७: किती रुग्ण घ्यायचे

"शंभर घेऊ का मॅडम?" याला उत्तर हिशेबाने द्यायचं. प्रमाण काढायचा अभ्यास असेल तर: ४ गुणिले अपेक्षित टक्केवारी गुणिले (१०० वजा ती टक्केवारी), भागिले चालवून घ्यायच्या चुकीचा वर्ग. समजा चाचणीत ३० टक्के पालकांना दाढेबद्दल माहीत होतं. ५ टक्क्यांची चूक चालणार असेल तर ४ × ३० × ७० ÷ २५, म्हणजे ३३६ पालक. १० टक्के चालणार असेल तर ८४. ओपीडीचं रजिस्टर समोर ठेवून विद्यार्थ्यानेच ठरवू दे, आणि निवड का केली ते लिहू दे.

दंतवैद्यकात एक मोठा घोटाळा इथेच होतो. एका माणसाच्या तोंडातले २८ दात म्हणजे २८ स्वतंत्र नमुने नव्हेत. एकच लाळ, एकच ब्रश, एकच सवय. २० रुग्णांचे ५६० दात मोजून "नमुना ५६०" लिहिणारे निबंध मी तपासायला आलेले पाहिले आहेत. विश्लेषण दाताच्या पातळीवर करायचं असेल तर एका तोंडातले दात एकमेकांशी बांधलेले आहेत हे लक्षात घेणारी पद्धत लागते. इंटर्नसाठी सोपा मार्ग: प्रति रुग्ण एकच आकडा.

पायरी ८: एथिक्स कमिटी, आणि त्याआधीचं एथिक्स

नियम पाठ करून घेण्याआधी व्हिपेहोल्म सांगा. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड इथल्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम साखर, चिकट टॉफ्या खायला देऊन दात किडतात का ते पाहिलं गेलं. किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला जास्त महत्त्व आहे, हे १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवलं. जेवणाच्या मध्ये गोड खाऊ नका, हा सल्ला आपण रोज देतो; त्यामागे ते दात आहेत ज्यांच्या मालकांना कुणी विचारलंच नाही. वर्ग हे ऐकताना शांत होतो. मग फॉर्म भरायला कुणी कुरकुरत नाही.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं इंटर्नने मुळातून वाचावीत. रोजच्या कामात लागणारं एवढं: समितीची मंजुरी येईपर्यंत एकाही रुग्णाची माहिती गोळा करायची नाही, मागाहून मंजुरी मिळत नसते. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, आणि त्याला समजेल अशा मराठीत. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ मधल्याची लेखी सहमती. काढलेले दात प्रयोगाला वापरायचे असले तरी समितीकडे जावं लागतं. रुग्णावर उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करायची. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही.

समितीची बैठक रोज होत नाही, म्हणून वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून मागे मोजत आखा. आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचं काम दोन महिन्यांचं असतं. ही योजना १९७९ पासून चालू आहे आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना खुली आहे. ज्यांची वही तिसऱ्या वर्षापासून भरलेली असते त्यांना अर्ज लिहायला एक आठवडा पुरतो. विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेलाही असंच काम पाठवता येतं.

पायरी ९: शून्य आणि रिकामी जागा

एक्सेलची शीट माहिती गोळा करण्याआधी तयार हवी, तक्त्यांचे रिकामे सांगाडेसुद्धा. एका ओळीत एक रुग्ण, एका रकान्यात एक गोष्ट, रुग्णाचं नाव नाही, फक्त क्रमांक.

एका चुकीकडे खास लक्ष द्या. डीएमएफटी शून्य म्हणजे तोंड निरोगी. तपासणी झालीच नाही म्हणजे रिकामी जागा. थकलेला इंटर्न रात्री अकराला दोन्हीकडे शून्य भरतो आणि सरासरी खाली येते. काही जण रिकाम्या जागी ९९ लिहितात आणि विश्लेषणाआधी ते काढायला विसरतात. मग सरासरी डीएमएफटी असा येतो की तितके दात माणसाच्या तोंडात मावत नाहीत. मी विद्यार्थ्यांना असे घोटाळे मुद्दाम पेरलेली शीट देते आणि शोधायला सांगते. नंतर त्यांच्या खऱ्या शीटमधले दहा टक्के फॉर्म दोघांनी मिळून कागदाशी ताडायचे, एकाने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीन बघायची.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात. जामोव्ही हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि इंटर्नला दोन तासांत येतं. आधी आलेख काढायचा. मुलांच्या डीएमएफटीमध्ये शून्यांचा ढीग असतो आणि शेपूट लांब, त्यामुळे सरासरीबरोबर मध्यकही द्या. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) एकटी कधी लिहू देऊ नका, शेजारी फरक किती आणि त्याचा ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा, हवाच. पी व्हॅल्यू ०.०५ खाली आली पण फरक रुग्णाच्या दृष्टीने नगण्य आहे, असं वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी जास्त गुण देते. संख्याशास्त्रज्ञाकडे जायचं ते अभ्यास सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

पायरी १०: लिहिणं आणि पाठवणं

'पद्धत' हा भाग काम चालू असतानाच लिहून घ्या. महिन्याने प्रोब कोणता होता तेही आठवत नाही. मग निकाल, मग चर्चा, प्रस्तावना सर्वांत शेवटी. निरीक्षणात्मक अभ्यासाच्या निबंधात काय काय लिहायला हवं ते सांगणारी स्ट्रोबची यादी शेजारी ठेवली की काय राहिलं ते दिसतं.

लेखकांची नावं कामाआधी ठरवा. आराखड्यात किंवा माहितीत खरा वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच नाव. केबिन कुणाची आहे यावर नाव ठरत असेल तर विद्यार्थी पहिल्याच निबंधात चुकीचं शिकतो. मी स्वतः ज्या कामात फक्त सही केली त्यातून माझं नाव काढायला सांगते, आणि आभारात ठेवलं तर आनंद होतो.

"आदरणीय डॉक्टर, आपल्या विद्वत्तेने प्रभावित होऊन..." अशी ईमेल आली, आठ दिवसांत छापायचं आश्वासन आणि फी मागितलेली असली, तर ते नियतकालिक पबमेड किंवा डीओएजे (सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) यांत आहे का ते तिथे जाऊन बघा. त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

आणि निबंध छापून येवो वा न येवो, उत्तर जिथून आलं तिथे परत न्या. तपासणीत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली असेल तर त्या रुग्णाला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन ओरल मेडिसिनला पाठवा, निकालाची वाट न बघता. त्या दाढेच्या अभ्यासानंतर आमच्या इंटर्नने मुलांच्या ओपीडीबाहेर हाताने काढलेलं एक चित्र लावलं: उघडं तोंड, बाण, आणि खाली दोन ओळी. "मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहाव्या वर्षी सर्वांत मागे येणारा सहावा दात दुधाचा नसतो, कुठलाही दात न पडता येतो आणि पुन्हा येत नाही." रांगेत बसलेल्या आया त्या चित्रासमोर मुलाची हनुवटी वर करून बोटाने मोजत असतात.